ओट्यावरची मुंग्यांची रांग परत परत येते? आधी त्या काय खातात ते बघा

माझं घर चिपळूणजवळ, जांभ्याच्या भिंतींचं. गेली अठरा वर्षं मी घरातूनच लाडू, करंज्या आणि गणपतीत उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे करून देते. डब्याला एकदा मुंग्या लागल्या की तो माल मी गिऱ्हाइकाला देत नाही, त्यामुळे माझ्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि मग वाडीतल्या बऱ्याच घरांत मी ही एकच तक्रार निस्तरत आले आहे: सगळं पुसलं, खडू ओढला, स्प्रे मारला, चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी रांग हजर.

रांग कुठून येते हे सगळेच शोधतात. ती काय न्यायला येते हे आधी शोधलं तर निम्मं काम तिथेच होतं, आणि बऱ्याचदा औषधाला पैसेही लागत नाहीत.

आधी लक्षणं जुळवून बघा

जेमतेम दीड मिलिमीटरची मुंगी, डोकं काळपट, पोट आणि पाय इतके फिके की पांढऱ्या टाइलवर नुसते काळे ठिपके सरकल्यासारखे वाटतात. बोटाखाली चिरडली तर खवट नारळासारखा वास येतो. ओट्यावर, सिंकच्या कडेला, सारणाच्या पातेल्यावर हीच असते. तिचं शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफालम. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी हिच्याच असतात.

तेवढीच बारीक, पण अंगभर पिवळसर-तांबूस, तुपाच्या बरणीभोवती किंवा मेलेल्या झुरळावर दिसणारी ती फॅरो मुंगी. हिला ओळखणं फार महत्त्वाचं, का ते पुढे सांगते.

काळी, लांब पायांची, धड रांगेत न चालता सैरावैरा धावणारी असेल तर ती ‘वेडी मुंगी’. चावल्यावर भाजल्यासारखी जळजळ होणारी लाल मुंगी अंगणातल्या मातीतून येते आणि खोबरं, शेंगदाणे, तळणीची कढई यांच्यावर तुटून पडते. मुंगळे तर सगळ्यांना माहीत आहेत. गुळाच्या ढेपेला संध्याकाळनंतर येतात.

आता त्यांची चाल बघा. रांग खाण्याच्या वस्तूकडे जातच नाही, मोरीत किंवा संडासात जाते? स्विचबोर्डात शिरते? खिडकीतून आत येऊन परत खिडकीतूनच बाहेर जाते? खडू ओढला की एका रांगेच्या तीन होतात? पावसाळा लागला की दर वर्षी त्याच कोपऱ्यात सुरू होते? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

पहिली तपासणी: काहीही न मारता पंधरा मिनिटं रांग बघा

फुकटची तपासणी, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. रांग दिसली की हात फडक्याकडे जातो. तेवढा आवरा. मोबाइलची बॅटरी लावून बसा आणि परत निघालेल्या मुंग्या निवडून बघा. जिचं पोट फुगलेलं आहे किंवा तोंडात कण आहे ती खाण्याकडून घराकडे चाललेली. तिच्या उलट दिशेने गेलात की खाणं सापडतं, तिच्या मागून गेलात की भोक सापडतं.

ही रांग म्हणजे वासाची रेघ असते. खाणं सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि वास सोडते. खाणं जितकं चांगलं तितकी रेघ ठळक. तुम्ही मुंग्या मारल्या तरी रेघ तिथेच राहते, म्हणून तासाभरात नव्या मुंग्या त्याच वाटेने येतात. शिवाय रांगेत दिसतात त्या वारुळातल्या थोड्याच, बहुधा म्हाताऱ्या झालेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या, तरुण मुंग्या सगळ्या आत असतात.

मला ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती मोदकांच्या रंगामुळे. काही वर्षांपूर्वी खाण्याचा लाल रंग घातलेलं साखरपाणी ओट्यावर सांडलं आणि पुसायचं राहून गेलं. तासाभराने बघते तर त्या फिक्या मुंग्यांची पोटं लालचुटुक झालेली, डाळिंबाच्या दाण्यासारखी, आतलं पाणी आरपार दिसत होतं. त्या लाल पोटांच्या मागे मागे गेले तेव्हा कळलं की गेले दोन पावसाळे मी ज्या खिडकीच्या फटी लिंपत होते तिथून त्या येतच नव्हत्या. त्या फ्रिजमागच्या पाइपाच्या भोकातून येत होत्या. तेव्हापासून फिक्या मुंग्या असल्या की मी मुद्दाम रंगीत साखरपाण्याचे दोन थेंब ठेवते. काळ्या मुंग्यांच्या पोटातून रंग दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही.

दुसरी तपासणी: डबा बघू नका, थेंब बघा

मोठी मुंगी घास गिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तिची कंबर इतकी बारीक की घट्ट कण पोटात जाऊच शकत नाही. तोंडातच एक छोटी पिशवी असते, तिथे कण गाळले जातात आणि फक्त पातळ रस पुढे जातो. तो रस ती दोन ठिकाणी ठेवते: थोडा स्वतःच्या पोटात, बाकीचा आधीच्या एका पिशवीत. ही दुसरी पिशवी सगळ्या घरादाराची. वारुळात गेल्यावर तोंडाला तोंड लावून ती हा रस इतरांना पाजते. रवा, पोळीचा चुरा, झुरळाची तंगडी असलं घट्ट खाणं अळ्यांसाठी नेलं जातं. अळ्या ते पचवतात, आणि त्यांच्याकडून मिळणारा रस मोठ्या मुंग्या पितात.

म्हणून घट्ट झाकणाच्या साखरेच्या डब्यापेक्षा त्याच्या शेजारच्या बाटलीच्या बुडाचा चिकट ओघळ त्यांना जास्त मोलाचा. माझी शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत. काकवीच्या आणि तेलाच्या बाटलीचं बूड. पत्र्याच्या डब्याची दुमडलेली कड, तिथे पाक शिरला की फडक्याने निघतच नाही. मिक्सरच्या भांड्याखालची रबरी चकती. शेगडीचे पाय, कारण उतू गेलेलं दूध तिथे जाऊन वाळतं. सिंकच्या जाळीतली शितं. मांजराची वाटी. आणि देव्हारा.

देव्हाऱ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. मागच्या गणपतीत शेजारच्या काकूंचा फोन आला, आठ दिवस साखरेचा डबा पाण्यात ठेवूनही रांग हटत नाही म्हणून. मी म्हटलं, “काकू, साखर राहू द्या, पंचामृताचा मध कुठे ठेवता?” “अगो, तो देव्हाऱ्याच्या खणात, झाकण घट्ट आहे त्याचं!” झाकण घट्टच होतं. पण बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेला मध खणाच्या फळीवर रुपयाएवढा पसरला होता आणि त्याच्या कडेने मुंग्या गोल बसून पीत होत्या, ताटाभोवती पंगत बसावी तशा. फळी गरम पाण्याने धुतली, बाटली वाटीत ठेवली, प्रश्न मिटला.

पुसताना नुसतं ओलं फडकं फिरवू नका. भांड्यांच्या साबणाचं पाणी घ्या आणि खाण्याच्या जागेपासून भोकापर्यंत सगळी वाट पुसून काढा, म्हणजे वासाची रेघ तुटते. हळद, कापूर, लवंग यांनी मुंग्या थोडा वेळ बिचकतात हे खरं, पण खाणं तसंच असलं तर त्या वळसा घालून येतात.

ऑर्डर तयार आहे आणि शोधायला वेळ नाही, अशा वेळी आपली जुनी पद्धत उत्तम: परातीत पाणी, मध्ये डबा. फक्त त्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. रात्रभरात पाण्यावर धूळ आणि तेलकट तवंग साचतो, आणि हलकी मुंगी त्यावरून चालत जाते. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो आणि ती बुडते. डबा परातीच्या कडेला टेकता कामा नये, परात भिंतीला टेकता कामा नये.

तिसरी तपासणी: गोड, तेलकट, की मांसाहारी?

स्वच्छता नीट झाली तरी रांग राहिली, तर ही परीक्षा घ्या. पुठ्ठ्याचे तीन तुकडे. एकावर गुळाच्या पाण्याचे थेंब. दुसऱ्यावर शेंगदाण्याचं कूट, चार थेंब तेलात कालवून. तिसऱ्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक, किंवा आमच्याकडे असतो तसा सुकटीचा चुरा. दिवेलागणीला रांगेच्या वाटेवर वीतभर अंतराने ठेवा, अर्ध्या तासाने बघा, तासाने परत बघा.

मोठ्या मुंग्यांना चालण्या-फिरण्यासाठी साखर लागते. वाढत्या अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला प्रथिनं लागतात. वारुळात अळ्या भरपूर असल्या की त्याच मुंग्या गोड सोडून अंड्याकडे किंवा मेलेल्या किड्याकडे वळतात. एका महिन्यात चाललेलं औषध पुढच्या महिन्यात का चालत नाही, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. औषध बिघडलेलं नसतं. मुंग्यांची त्या आठवड्याची गरज बदललेली असते.

सगळ्या बलकावर किंवा सुकटीवर गेल्या तर घरात मेलेलं काहीतरी शोधा. कपाटामागे वाळलेली पाल, ट्यूबलाइटच्या पट्टीत साठलेले किडे, फ्रिजखालचं झुरळ. एका घरी पंधरा दिवसांची रांग पंख्याच्या वाटीत मेलेल्या पालीने लावली होती. स्टूल घेऊन वाटी उतरवली आणि काम झालं. तेलकटावर लाल मुंग्या जमल्या तर वारूळ घरात नसून अंगणात, बहुधा पायऱ्यांच्या कडेच्या मोकळ्या मातीत असतं.

चौथी तपासणी: मोरी आणि संडास

न्हाणीघरात मुंग्या येण्याचं साधं कारण ओल. फिक्या मुंग्यांना ओलसर जागा आवडते. सैल झालेल्या टाइलमागे, गळक्या नळाच्या बुंध्याशी त्या राहतात. नळाचा वायसर बदला, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरा.

पण मुंग्या नेमक्या लघवीच्या जागी जमत असतील, कुणाच्या अंतर्वस्त्रांना किंवा आजारी माणसाच्या भांड्याला लागत असतील, तर ती गोष्ट सहज घेऊ नका. लघवीत साखर उतरत असेल तर मुंग्या येतात. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या वैद्यांनी मधुमेह ओळखताना हे लिहून ठेवलं आहे. हल्ली मधुमेहाच्या काही गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या, मुळात साखर लघवीवाटे बाहेर काढूनच काम करतात. त्या चालू असलेल्या माणसाच्या संडासात मुंग्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, आणि गोळी स्वतःहून बंदही करू नका. घरात कुणालाच मधुमेह ठाऊक नसेल तर मात्र त्या आठवड्यात रक्ततपासणी करून घ्या. आमच्या वाडीत एका मावशींची साखर अशीच कळली. त्या दिवशी मी मुंग्या बघायला गेले होते आणि मावशींना घेऊन डॉक्टरकडे गेले.

पाचवी तपासणी: खिडकीबाहेरची झाडं

स्वयंपाकघर लखलखीत, डबे पाण्यात, तरी दर श्रावणात खिडकीतून रांग. माझं हे दुखणं तीन वर्षं चाललं. खाणं घरात नव्हतंच. ते खिडकीला टेकलेल्या जास्वंदीवर होतं.

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्याला, कळीच्या देठाशी पांढरा कापसासारखा पुंजका दिसतो, तो पिठ्या ढेकूण. वालावर, मिरचीवर मावा असतो, लिंबावर खवले कीड. या सगळ्या किडी झाडाचा रस पितात. त्या रसात साखर खूप आणि अंगी लागणारं सत्त्व कमी, म्हणून त्यांना फार प्यावा लागतो आणि जास्तीची साखर गोड चिकट थेंब होऊन मागून बाहेर पडते. मुंग्या त्याच्यासाठी येतात.

भिंग असेल तर मावा आणि मुंगी एकत्र जरूर बघा. मुंगी माव्याच्या पाठीवर मिशांनी टकटक करते. क्षणभराने माव्याच्या मागे काचेसारखा थेंब फुगतो, मुंगी तो पिते आणि पुढच्या माव्याकडे जाते. गवळ्याने एकेक गाय पिळत जावी तसं. राखणही करते: मावा खायला ढालकिडा आला की मुंग्या त्याच्या पायांना चावून हाकलतात. म्हणून मुंग्या असलेल्या झाडावरची कीड नुसत्या फवारणीने जात नाही, परत परत येते. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलेमस नावाचे ढालकिडे सोडतात, पण मुंग्यांचा बंदोबस्त झाला नसेल तर त्या किड्यांचं काम होत नाही.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खालची पानं हाताला चिकट लागतात, त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी दिसते, खोडावरून मुंग्यांची जा-ये असते.

मी करते ते असं. आधी खिडकीच्या गजाला किंवा भिंतीला टेकणारी प्रत्येक फांदी छाटते. मुंग्यांचा पूल तोच. फार किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधते, झाडाखाली टाकत नाही. मग पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुते. दोन दिवसांनी निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली, साबणाचे काही थेंब घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला मारते. आठवड्याने पुन्हा. कुंडी असेल तर कुंडीखाली विटेवर पाण्याची ताटली. मोठं झाड असेल तर बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस. थेट सालीला ग्रीस फासू नका.

एक सावधगिरी. झाडावरचा गोडवा एकदम संपला की तिथल्या मुंग्या चार-पाच दिवस घरात जास्त येतात. मला दर वेळी हा अनुभव आहे. उपाय फसला असं समजून सोडून देऊ नका. झाड साफ करायच्या आधी ओटा आणि डबे आवरून ठेवा.

जाता जाता एवढं: आंब्या-काजूवर पानं शिवून घर करणाऱ्या मोठ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्यांची घरटी जाळू नका. त्या कडकडून चावतात, पण काजूवरच्या ढेकण्यासकट कितीतरी किडे खातात. त्या घरात साखरेला येत नाहीत. माझ्या सासूबाई अजूनही मुंग्यांच्या भोकाशी चिमूटभर साखर-रवा घालतात. ते मला मोडायचं नाही, मलाही ते आवडतं. एवढंच ठरवलंय की भिंतीपासून लांब, कुंपणाच्या बांधावर घालायचं.

सहावी तपासणी: आमिष, आणि तेही पातळ

इथवर येऊनही रांग असेल तर वारूळ भिंतीत किंवा जोत्यात आहे. आता औषध, पण स्प्रे नको. स्प्रे आणि खडू दिसणाऱ्या मुंग्या मारतात किंवा वळवतात. आतल्या राणीला ते पोचत नाहीत. फिक्या मुंग्यांच्या आणि फॅरो मुंग्यांच्या वारुळात राण्या अनेक असतात. फॅरो मुंग्यांवर स्प्रे मारला तर काही मुंग्या एखादी राणी आणि अळ्या घेऊन वेगळ्या निघतात आणि दुसऱ्या भिंतीत नवं घर करतात. “फवारल्यावर जास्त झाल्या” असं लोक म्हणतात ते अगदी खरं आहे.

त्यांच्याच पाजायच्या सवयीचा उपयोग करायचा. १०० मिली कोमट पाणी, चार चहाचे चमचे साखर, आणि सपाट पाव चमचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम, बोरिक पावडर. पूर्ण विरघळवा. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून त्यावर ओता. बोरिक नसेल तर टाकणखार त्याच मापाने चालतो. कॅरमला लावतात ती पावडर पूर्वी बोरिक असे, आता प्रत्येक पाकिटात तीच असेल असं नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून नाव वाचूनच घ्या.

प्रमाण वाढवू नका. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते, किंवा तोंडच लावत नाही. तिने पोट भरून घरी जावं, दहाजणींना पाजावं, त्यांनी अळ्यांना आणि राणीला पाजावं, एवढा वेळ तिला मिळाला पाहिजे. पहिल्या दिवशी झाकणाभोवती नेहमीपेक्षा जास्त मुंग्या जमतील. त्या बघवत नाहीत, पण हात लावू नका, शेजारी स्प्रे तर मुळीच नको. दर दोन-तीन दिवसांनी बोळा बदला, कारण वाळला की त्या पिऊ शकत नाहीत. दहा-पंधरा दिवस लागतात. आठवड्यात रांग विरळ व्हायला लागली की समजायचं, लागू पडलं.

बोरिक पावडर पोटात गेली तर माणसालाही अपाय होतो, लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांना जास्त. आमिष झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याला मुंगीपुरती भोकं पाडा, वर ठळक ‘विष’ लिहा. चमचा आणि भांडं कायमचं वेगळं. मी ते ओट्यावर कधीच ठेवत नाही. खिडकीबाहेर, भोकाच्या जवळ ठेवते. घरात रांगतं मूल असेल तर हा उपाय सोडून द्या आणि तयार आमिषाची बंद डबी आणा किंवा माणूस बोलवा.

हे आमिष गोड खाणाऱ्यांसाठी. तिसऱ्या तपासणीत मुंग्या तेलकटावर गेल्या असतील तर त्या याला विचारणार नाहीत. त्यांच्यासाठी तेलात घोळवलेलं दाणेदार आमिष कृषी सेवा केंद्रात मिळतं का बघा, आणि वरच्या सूचना वाचून वापरा. घरच्या घरी तेलकट आमिष करायचा प्रयत्न मी बरेचदा केला, पण खात्रीने लागू पडेल असं माझ्या हाती काही आलं नाही.

जुन्या घरांत माळ्यावर अजून गॅमेक्सिनचा, म्हणजे बीएचसी या जुन्या कीटकनाशकाच्या पावडरीचा, डबा निघतो. आमच्याकडेही निघाला होता. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ पासून आणि त्याच्याच शुद्ध रूपाच्या, लिंडेनच्या, वापरावर २०१३ पासून बंदी आहे. तो डबा उघडूही नका, स्वयंपाकघरात तर नाहीच.

रांग पूर्ण थांबल्यावरच भोकं बुजवा. आधी बुजवलीत तर आमिष आत जायची वाट तुम्हीच बंद करता. जांभ्याच्या चिऱ्याला सिमेंटचा गिलावा, पाइपाभोवती सिलिकॉन.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्विचबोर्डात, मीटरच्या पेटीत, इन्व्हर्टरमध्ये मुंग्या शिरत असतील तर आत काहीही फवारू नका, स्क्रू काढून बघूही नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लाल मुंगी चावून अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर घरचे उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या पलंगाशी मुंग्या असतील तर पलंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, चादर जमिनीला लागू देऊ नका, आणि बाकीचं त्याच दिवशी जाणत्या माणसाकडे सोपवा. जखमेच्या वासाला आणि दुधाच्या ओघळाला मुंग्या फार लवकर येतात.

फॅरो मुंगी असल्याची शंका आली आणि तुम्ही सोसायटीत राहत असाल, तर एकट्या घराने काही होत नाही. वारुळं भिंतीतून मजल्या-मजल्यांवर पसरलेली असतात. सगळ्या घरांत एकाच वेळी आमिष ठेवावं लागतं.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले की ते मुंग्या आहेत की वाळवी ते बघा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या, चारही पंख सारखे, आणि ते सकाळी फरशीवर गळून ढीग पडलेले असतात. घराच्या आतूनच वाळवी उडत असेल, किंवा वाशांवर मातीच्या नळ्या दिसत असतील, तर या लेखातला एकही उपाय उपयोगाचा नाही. त्याला वाळवीचंच काम करणारा माणूस लागतो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना परवाना विचारा. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली या व्यवसायाला तो लागतो. आणि तो यायच्या आधी रांगेतल्या चार-पाच मुंग्या पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा. त्या दाखवा, तुमच्या तीन पुठ्ठ्यांपैकी कुठल्यावर मुंग्या गेल्या ते सांगा, भोक दाखवा. हे सगळं ऐकून न घेताच तो पंप उचलून ओट्यावर फवारायला लागला, तर त्याला थांबवा आणि आमिष किंवा जेल ठेवणारा दुसरा माणूस बघा.